ज्याचं विशेषण त्याची सही

नोकरीतून निवृत्त झाले आणि पंधरा दिवसांत मी घरच्यांना नकोशी झाले. भाजी कशी चिरावी, टॉवेल कुठे वाळत घालावा, फोनवर किती वेळ बोलावं, सगळ्यावर माझं मत होतं आणि ते मी न मागता देत होते. तीस वर्षं सरकारी शाळेत मुलांना हिंदी शिकवलं. आता समोर मुलं नव्हती, म्हणून मुलगा आणि सून ह्यांनाच मी वर्गात बसवलं होतं. शेवटी सुनेनं गोड आवाजात सुचवलं, "आई, मंडळात मराठीचा क्लास का नाही घेत तुम्ही? मुलांना खूप जरूरत आहे." मुलांना जरूरत होती की तिला, हे मी विचारलं नाही. लगेच हो म्हटलं.

इंदुरातल्या आमच्या मराठी मंडळाचा हॉल स्नेहलतागंजात, पहिल्या मजल्यावर. वर्ग रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा. मुलं अकरा, वयं सहा ते नऊ. पहिल्याच दिवशी प्रश्न आला तो मला काय म्हणायचं हा. मुलं "मॅम" म्हणायला लागली. मी म्हटलं, मराठीच्या वर्गात "बाई" म्हणायचं, आम्ही आमच्या बाईंना बाईच म्हणायचो. पुढच्या रविवारी एक आई मुलाला सोडायला आली ती दारातच घुटमळली.

"ताईजी, ते बाई नको ना. ह्यानं घरी येऊन सांगितलं, बाई ने होमवर्क दिया है. तर बाजूच्या भाभी विचारतात, तुमची बर्तनवाली होमवर्क कधीपासून द्यायला लागली?"

अशी साठीला टेकलेली मी "ताई" झाले. खरं सांगते, मला ते आवडलं.

आता विशेषणांकडे येते. इंदूरच्या मुलांना मराठी येत नाही असं पुण्या-मुंबईचे पाहुणे नाक मुरडून म्हणतात, ते मला पटत नाही. आमच्या मुलांना क्रियापदं येतात, ती नीट चालवतात. नामं हिंदीतून उचलतात, त्याचंही मला काही नाही. पण विशेषणांच्या बाबतीत मात्र खडखडाट होता. ह्या अकरा जणांच्या मते जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या, गजब आणि बेकार. एकाच्या घरी भिंतीवर जुनी तलवार होती, कारण त्यांचं कोणीतरी संस्थानच्या फौजेत होतं. ती तलवार गजब. आईनं केलेली खिचडी बेकार. नवा मोबाइल गजब, त्याचा चार्जर बेकार. मी विचारलं, "तलवार आणि मोबाइल दोन्ही गजब, मग दोन्हींत फरक काय?" तलवारवाला म्हणाला, "ताई, तलवारीत गेम नाही येत."

मी दोन्ही शब्दांवर बंदी घातली. बंदी घातल्यावर वर्गात इतकी शांतता पसरली की मला वाटलं आता ही मुलं मोठी होईपर्यंत गप्पच बसतील.

मग मी जिलबी आणली. रविवारी सकाळी इंदुरात घरोघरी पोहे-जिलबी असतेच, तेव्हा मुलांचा अर्धा जीव तसाही तिकडेच होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम जिलब्या आणल्या, परात मधे ठेवली आणि नियम सांगितला. जिलबी कशी आहे ते एका शब्दात सांगायचं, मग एक उचलायची. एकदा सांगितलेला शब्द पुन्हा चालणार नाही. पहिला हात वर झाला तो "गोड". मग "गरम", "गोल", "केशरी". एकीनं बोट चाटून "चिकट" शोधून काढलं. एकानं "कुरकुरीत" म्हटलं, एकानं "वाकडी", एकानं "तुपकट". जी मुलं मागे राहिली ती घाम गाळत होती, आणि ज्यांचं झालं होतं ती दुसऱ्या फेरीसाठी नियम विसरून परातीत हात घालत होती. अकराव्या नंबरला खिडकीजवळ बसणारी एक आठ वर्षांची मुलगी होती. तिचे वडील रेल्वेत, ही कधी गृहपाठ आणायची नाही, विचारलं की "पप्पांची ड्यूटी होती" इतकंच सांगायची. तिनं परातीकडे पाहिलं. परातीत नुसता पाक होता.

"संपलेली," ती म्हणाली.

मी तिला बाजूला काढून ठेवलेली माझ्या वाटणीची जिलबी दिली. तीस वर्षांच्या नोकरीत इतकं चोख विशेषण मला कोणी दिलं नव्हतं.

जिलबीचा पाक सतरंजीला लागला आणि त्यामुळे पुढच्या रविवारी सेक्रेटरीसाहेब जिना चढून वर आले. हे आमच्या मंडळाचे सेक्रेटरी, पंचाहत्तरीचे, ताठ, कोणत्यातरी सरकारी खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. हॉलच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याच हातात असतो. त्यांनी चप्पल काढून सतरंजीवर पाऊल ठेवलं आणि उचललं.

"ताई, ही सतरंजी चिकट झाली आहे."

मी काही म्हणायच्या आत मागून एक आवाज आला, "काका, 'चिकट' झालंय. दुसरं सांगा."

सेक्रेटरीसाहेबांनी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मुलाला दटावलं आणि त्यांना म्हटलं, "हो, हो, धुऊन देते." मग त्यांनी भिंतीजवळ जाऊन पंखा बंद केला. सकाळी पंखे लावायचे नाहीत असा हॉलचा नियम होता म्हणे. ऑगस्टचा महिना, खिडक्या रस्त्याकडे, आतल्या आत सगळे उकडून निघालेले. मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. तसं थंडच आहे." मोठ्या माणसांशी बोलताना थोडं समजुतीनं घ्यावं लागतं, तो माझा स्वभावच आहे, असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे.

जाताना त्यांनी मला दाराशी बोलावलं.

"देखिए ताई, ऐसा है. भंवरकुआंचा एक कोचिंगवाला आलाय. त्याला रविवार सकाळचा हॉल पाहिजे, सहावी-सातवीच्या मुलांचा फाउंडेशन बॅच लावायचाय. तुमची वेळ आणि त्याची वेळ एकच. तुम्हाला काय वाटतं?"

हा वर्ग म्हणजे आठवड्यातले माझे दीड तास होते, ज्यात मी कोणाची सासू नव्हते, कोणाची अडगळ नव्हते. तो गेला तर मी पुन्हा टॉवेल आणि भाजीवर येणार, आणि ही अकरा मुलं पुन्हा गजब आणि बेकारवर. हे सगळं मला दाराशी उभं राहून सांगता आलं असतं. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल ते."

"ठीक. मग दिवाळीच्या आधी कमिटीला बोलावू. मुलांना काय येतं तेही बघू, आणि फायनल करू."

ते खाली उतरले. मी वर्गात आले तर अकरा जणं माझ्याकडे बघत होती. मी मोठ्यांदा ओरडले, "काय बघताय? वह्या काढा!"

दिवाळीला अडीच महिने होते. कमिटीसमोर जिलबी ठेवून चालणार नव्हतं, म्हणून मी वस्तूंवरून माणसांवर आले. घरातल्या एका माणसाबद्दल विशेषण वापरून वाक्य लिहून आणा म्हटलं. खिडकीजवळची सोडून दहा जणांची वाक्यं आली, सगळी एकाच साच्यातली. सगळ्यांच्या आया सुंदर, सगळ्यांचे वडील हुशार. आया ठीक आहेत. पण हे हुशार वडील दर रविवारी खाली गल्लीत एकमेकांच्या गाडीपुढे गाडी लावतात आणि साडेदहाला अर्धा तास हॉर्न वाजवत बसतात, ते मी वरून बघत असते.

तेव्हा मी तो नियम काढला, ज्यानं पुढे माझीच खोड मोडली. नियम असा. विशेषण खरं असलं पाहिजे. त्याच्यापुढे पुराव्याचं एक वाक्य हवं. आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याची खाली सही हवी. सही नाही तर विशेषण खोटं धरलं जाईल.

पुढच्या रविवारपासून इंदूरच्या दहा घरांत काय चाललं होतं ते मला फोनवर कळायला लागलं.

"माझे बाबा आळशी आहेत. ते रिमोट उचलायला मला दुसऱ्या खोलीतून बोलावतात." ह्या वाक्यावर सहीसाठी तीन दिवस वाटाघाटी झाल्या. वडिलांनी आधी चॉकलेट देऊ केलं, मग "आळशी" खोडून "दमलेले" लिही म्हणाले. मुलानं ते लिहिलं, खाली पुरावाही जोडला, "ते रविवारी झोपून उठल्यावरपण दमलेले असतात." तेव्हा वडिलांनी मुकाट्यानं "आळशी"वर सही केली.

"माझी आत्या चौकस आहे. ती नव्या माणसाला पगार विचारते." आत्यानं सही केली आणि शेजारी लिहिलं, "त्यात काय चूक आहे?"

"माझे आजोबा लबाड आहेत. त्यांना शुगर आहे पण ते शेवेच्या डब्यामागे पेढे ठेवतात." ह्यावर आजोबांनी सही करायला साफ नकार दिला, कारण वही आजी बघणार होत्या. मुलगा रडवेला होऊन माझ्याकडे आला. ताई, खरं आहे पण सही नाही. मी म्हटलं, पेढ्यांची जागा बदलायला त्यांना एक दिवस दे आणि मग माग. दुसऱ्या दिवशी सही मिळाली. त्या घरच्या आजींनी मला फोन करून दहा मिनिटं सुनावलं, आणि मी त्यांना अकरा मिनिटं. भांडणात मी कोणाला हार जात नाही, हे आमच्या गल्लीतला भाजीवाला, दूधवाला आणि दोन्ही नणंदा सांगतील.

तलवारवाल्यानं त्याच्या मोठ्या भावाला "डरपोक" लिहून आणलं. पुरावा, "तो पालीला बघून स्टुलावर चढतो." मी म्हटलं, मराठीत लिही, "भित्रा". हा शब्द वर्गात सगळ्यांना फार आवडला. भित्रा, भित्री, भित्रं, भित्रे, भित्र्या, आम्ही फळ्यावर सगळी रूपं लिहिली आणि तालावर म्हटली. खिडकीजवळच्या मुलीनं ती वहीत उतरवून घेतली. तिनं स्वतःहून काही उतरवलं असं पहिल्यांदाच झालं होतं, म्हणून मी तिला शाबासकी दिली.

पण वाक्य तिचं येईना. दर रविवारी तेच. पप्पा ड्यूटीवर, मम्मीला मराठी वाचता येत नाही, ती माळव्यातल्या गावची, तर सही कशी घेऊ. मी म्हटलं, वाचून दाखव आणि सही घे. ती म्हणाली, "मम्मी म्हणते, जो लिखना है लिख दे. मग मजा नाही येत."

दरम्यान सेक्रेटरीसाहेब अधूनमधून येत राहिले. एकदा फळा घेऊन गेले, भजनी मंडळाला सूचना लिहायला पाहिजे होता. मी म्हटलं, "घेऊन जा, आमचं काय, कागदावर चालतं." एकदा म्हणाले, मुलांचा आवाज खालपर्यंत येतो. मी म्हटलं, "बरोबर आहे." त्या दिवशी आम्ही सगळी विशेषणं कुजबुजत म्हटली. "प्रचंड" हा शब्द कुजबुजून म्हणताना तलवारवाल्याला हसू आवरेना, आणि मी त्याला उभं केलं.

कमिटी यायच्या आदल्या रविवारी मात्र माझा धीर सुटला. मुलांची वाक्यं वाचता वाचता मला दिसायला लागलं की कमिटीसमोर हे वाचलं तर आळशी बाबा, लबाड आजोबा आणि चौकस आत्या सगळेच मंडळाचे सभासद निघणार. कोणीतरी तक्रार करणार, आणि हॉल कोचिंगवाल्याच्या घशात. म्हणून मी माझाच नियम गुंडाळून ठेवला. मुलांना नवी वाक्यं लिहून दिली. आई प्रेमळ, बाबा कष्टाळू, आजोबा धार्मिक. खिडकीजवळच्या मुलीकडे वाक्यच नव्हतं, म्हणून तिला मी एक खास दिलं, "आमचे सेक्रेटरीकाका दयाळू आहेत."

तिनं ते वाचलं. "ताई, पुरावा काय लिहू?"

"ह्याला पुरावा नको."

"आणि सही?"

"सहीपण नको. फक्त वाच. हसत वाच."

वही दप्तरात ठेवताना तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर दुसरीकडे वळवली.

कमिटी आली. सेक्रेटरीसाहेब मधल्या खुर्चीत, डावीकडे महिला शाखेच्या प्रमुख, उजवीकडे खजिनदार, ते बसल्या बसल्या मोबाइल बघायला लागले. मागे भिंतीला टेकून आईवडील. पंखा बंद होता. मी पातळ नेसून गेले होते आणि ते पाठीला चिकटलं होतं.

मुलांनी वाचलं. प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक. एकेक वाक्य सरकारी पत्र वाचावं तसं. दमलेल्या वडिलांना कष्टाळू झालेलं ऐकून मागे त्यांच्या बायकोला ठसका लागला. लबाड आजोबांनी धार्मिक ऐकून हात जोडले. महिला शाखेच्या बाईंनी जांभई दिली. मला दिसत होतं की हे वाईट चाललंय, आणि हेही दिसत होतं की हे वाईट मीच केलंय. खजिनदार मोबाइलवरून मान वर करायला तयार नव्हते.

शेवटचा नंबर खिडकीजवळच्या मुलीचा. ती वही घेऊन सरळ सेक्रेटरीसाहेबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली आणि खणखणीत वाचलं, "आमचे सेक्रेटरीकाका दयाळू आहेत." मग वही त्यांच्यापुढे धरून खिशातलं पेन काढलं. "काका, सही."

"सही कशाला?"

"रूल आहे. ज्याचं विशेषण त्याची सही."

सेक्रेटरीसाहेब नियमाचं नाव काढलं की सावध होतात. त्यांनी चष्मा लावला आणि ते वाक्य दोनदा वाचलं. "आणि पुरावा? मी ऐकलंय तुमच्यात पुरावाही असतो."

"पुरावा नाही," ती म्हणाली. "ताईंनी लिहून दिलंय."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. सेक्रेटरीसाहेबांनी वही परत केली आणि म्हणाले, "मग मी सही नाही करणार. खोटं होईल." हे त्यांनी रागानं म्हटलं नाही, सरकारी माणूस अपुरा अर्ज परत करतो तसं म्हटलं.

मुलीनं मान हलवली. तिला ते पटलं असावं. मग तिनं पान उलटलं.

"माझं दुसरं आहे. ह्याला पुरावा आहे." आणि कोणी थांबवायच्या आत तिनं वाचलं, "आमच्या ताई भित्र्या आहेत. काका पंखा बंद करतात तेव्हा त्यांना घाम येतो आणि त्या म्हणतात थंड आहे. काका फळा घेऊन गेले तेव्हा त्या म्हणाल्या घेऊन जा. काका गेले की त्या आमच्यावर ओरडतात."

खजिनदारांनी मोबाइल खाली ठेवला. मुलगी वही घेऊन माझ्यासमोर आली आणि पेन पुढे केलं. तिच्या चेहऱ्यावर आगाऊपणा नव्हता, तिला फक्त सही हवी होती. अडीच महिन्यांत तिचा पहिला गृहपाठ पूर्ण झाला होता.

मी तेच केलं जे त्या आळशी बाबांनी केलं होतं. घासाघीस. हळूच म्हटलं, "अगं, भित्र्या नको. समंजस लिही."

"पुरावा?" तिनं विचारलं.

मी पुरावा शोधला. खरंच शोधला. नोकरीत दरवर्षी माझ्या अहवालात हेडमास्तर "आज्ञाकारी" लिहायचे आणि मी तो कागद घरी आणून सगळ्यांना दाखवायची. भाजीवाल्याला मी फाडून खाते, नणंदांना उभं राहू देत नाही, पण ज्याच्या हातात किल्ली किंवा शिक्का असेल त्याच्यापुढे माझा आवाज आपोआप खाली येतो. साठ वर्षांत हे मला माझ्या घरातल्या कोणी सांगितलं नव्हतं. मला फार लाज वाटली. ती कमिटीची नव्हती, त्या अकरा जणांची होती. त्यांनी प्रत्येक वेळी बघितलं होतं.

मी पेन घेतलं आणि सही केली. पूर्ण नावाची, शाळेच्या रजिस्टरमध्ये करायची तशी.

सही झाल्यावर पेन खाली ठेवलं आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते कुजबुजणारं नव्हतं. खाली रस्त्यावरही ऐकू गेलं असेल.

"सेक्रेटरीसाहेब, हा वर्ग मला पाहिजे. ह्याच वेळी, ह्याच हॉलमध्ये. तो कोचिंगवाला दुसरी जागा बघेल, त्याला इंदूरभर जागा आहेत. आणि आज ह्यांनी वाचलं ते काही खरं नाही. ह्या मुलांना ह्याच्या दसपट येतं. मीच भिऊन त्यांना हे पुळचट काहीतरी वाचायला लावलं."

सेक्रेटरीसाहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं आता संपलं. ते म्हणाले, "ताई, मग हे ऑगस्टमध्येच का नाही सांगितलं? मी दाराशी तुम्हाला विचारलं होतं, तुम्हाला काय वाटतं. तुम्ही म्हणालात, तुम्ही म्हणाल ते. मी समजलो, तुम्हालाच बोअर झालंय, शरमेखातर चालवताय. मी तर आज हॉल त्याला देऊनच टाकणार होतो. तुम्ही तेव्हा नको म्हटलं असतं तर मी त्याला तेव्हाच मना केलं असतं."

मला खाली बसावंसं वाटलं, आणि मी बसले. जवळच्या रिकाम्या खुर्चीत. अडीच महिने मी ज्या माणसाला घाबरून वर्ग वाचवत होते, त्याला माझ्या एका नाहीची गरज होती, आणि ती न दिल्यानं वर्ग जवळजवळ मीच घालवला होता. महिला शाखेच्या बाई मला पाणी आणून देत म्हणाल्या, "पण ते खरे वाक्य कोणते, ते तर ऐकवा."

मग मुलांनी खरी वाक्यं वाचली, सह्यांसकट. मागच्या भिंतीशी खूप आरडाओरडा झाला. आत्यांनी उठून जाहीर सांगितलं की पगार विचारण्यात काहीच चूक नाही, आणि लगेच खजिनदारांना विचारलं की त्यांचा मुलगा हल्ली किती कमावतो. लबाड आजोबा लवकर घरी गेले. सेक्रेटरीसाहेबांनी कागदावर ठराव लिहिला, मराठी वर्ग रविवारी सकाळी चालू राहील, आणि खजिनदारांना वाचून दाखवला.

सगळे गेल्यावर मी सतरंजी गुंडाळत होते, तेव्हा खिडकीजवळची मुलगी वही उघडी धरून माझ्यापाशी आली. पानावर माझी सही होती आणि वर तिचं वाक्य.

"ताई, आज तर तुम्ही बोलल्या ना. मग हे खोडू का?"

मी पानाकडे बघितलं. खोड म्हणायला मला फार आवडलं असतं.

"राहू दे," मी म्हटलं. "एकदाच तर बोलले."